कांडीचा डबा

भिंतीला हात लावला, तर ती गप्प होती.

भिवंडीत टेमघरच्या या खोलीत मी कॉलेज संपेपर्यंत राहिले, पण ही भिंत शुक्रवार सोडून कधी गप्प बसलेली आठवत नाही. पलीकडे पॉवरलूमचा कारखाना, अलीकडे आम्ही, आणि मध्ये ही एकच भिंत. दिवसपाळीला ती थरथरायची आणि रातपाळीलाही थरथरायची. फळीवरचे पोह्यांचे, रव्याचे डबे दिवसभर हळूहळू कडेकडे सरकत यायचे आणि दिवेलागणीला आई त्यांना पुन्हा मागे ढकलायची. हे काम तिने इतकी वर्षं केलं, की काल्हेरच्या नव्या ब्लॉकमध्ये डबे आपले जागच्या जागी राहतील याचंच तिला नवल वाटतं आहे.

हो, आईबाबा काल्हेरला चालले आहेत. नवी इमारत, लिफ्ट आणि चोवीस तास पाणी. मी सामान बांधायला आले होते. पलीकडचे लूम गेल्याच महिन्यात भंगारात गेले, तिथे आता प्लास्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम होणार आहे. अशा वेळी आठवणी लिहिणाऱ्या माणसाचा गळा दाटून यावा असा रिवाज आहे. माझा काही दाटला नाही. मला फार बरं वाटलं, अगदी हलकं. जिच्यात लहानपण गेलं ती खटखट एकदाची थांबली होती, आणि आपण तिला कंटाळलो होतो हे मला ती थांबल्यावरच कळलं.

टीव्हीच्या फळीवरचा जुना वर्तमानपत्राचा कागद उचलला तेव्हा मागच्या फटीत कांडी सापडली. कांडी म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी नळी. ती धोट्यात बसवतात आणि धोटा लूममध्ये इकडून तिकडे धावतो. या कांडीवर अजून बोटभर निळं सूत शिल्लक होतं. वास घेतला. यंत्राचं तेल, खळ आणि जुनी रुई. मग मी सामान बांधायचं सोडून तिथेच भिंतीला टेकून बसले. आईने एकदा डोकावून पाहिलं आणि स्वयंपाकघरातली भांडी स्वतःच भरायला घेतली.

दोन हजारनंतरचीच ती एक-दोन वर्षं असतील. मी पाचवी-सहावीत होते. आमच्या समोरच्या खोलीत रुबीना राहायची. तिचे अब्बा, म्हणजे आमचे चाचा, पलीकडच्या कारखान्यात लूम चालवायचे. माझे बाबा शाळेत क्लार्क. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, आमच्याकडे होता, म्हणून रुबीना रोज पाच वाजता हातपाय धुऊन, केस विंचरून, एखाद्या समारंभाला यावं तशी आमच्याकडे यायची. साडेपाचला जपानचं कार्टून लागायचं. ते जपानचं आहे हे आम्हाला बाबांनी सांगितलं, शेवटी येणारी अक्षरं बघून. तोवर रुबीनाचं ठाम मत होतं की ते नेपाळचं आहे, कारण त्यात एवढे डोंगर होते.

आता आमची अडचण सांगते. ती भिवंडीबाहेरच्या माणसाला सांगितली की तो आधी हसतो. टीव्हीचा आवाज आम्ही शेवटच्या काडीपर्यंत वाढवायचो, तरी लूमपुढे एक अक्षर ऐकू यायचं नाही. लूम थांबावेत म्हणून लाइट जायची वाट बघावी, तर लाइट गेली की टीव्हीही बंद. कारखान्याची आणि आमची लाइन एकच. म्हणजे चित्र असेल तेव्हा आवाज नाही, आणि आवाज ऐकू येईल अशी शांतता असेल तेव्हा चित्र नाही. शुक्रवारी लूमची सुट्टी असायची. त्या दिवशी आमच्या भागात सकाळपासून लाइटच नसायची. अख्खी गल्ली निवांत आणि टीव्ही काळा. एवढी वर्षं टीव्ही पाहिला, पण त्या पोराचा आवाज कसा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

मग आम्ही त्याला आमचा आवाज दिला. नावही दिलं. त्याचे केस वर निमुळते होत गेलेले, घट्ट गुंडाळल्यासारखे, म्हणून रुबीनाने त्याचं नाव कांडी ठेवलं. कांडीच्या खांद्यावर पट्ट्यापट्ट्यांची शाल आणि हातात फडक्यात बांधलेली एक गोल वस्तू. ती घेऊन तो डोंगरामागून डोंगर तुडवत चाललेला. नदी आली तर ती वस्तू डोक्यावर धरायचा, झोपला तर उशाशी घ्यायचा. हे काय असेल यावर आम्हा दोघींना क्षणभरही विचार करावा लागला नाही. डबा. दुसरं काय असणार? आमच्या गल्लीतली निम्मी पोरं दुपारी असाच फडक्यात बांधलेला डबा घेऊन बापाच्या कारखान्यावर जायची. रुबीना स्वतः जायची. कांडीचा बाप डोंगरापलीकडे कुठेतरी ड्युटीवर होता आणि कांडी त्याला डबा पोचवायला निघाला होता, एवढी साधी गोष्ट होती.

त्याच्या मागे काळा कोट घातलेला एक उंच माणूस असायचा. सतत मागावर. तो मुकादम. कशासाठी मागे लागला होता, ते काही आम्ही फारसं ठरवलं नाही. मुकादम मागे लागतो, त्याला कारण लागत नाही.

एकदा रुबीनाला नामी कल्पना सुचली. लूमवरची माणसं एकमेकांशी ओठांनी बोलायची. आवाज ऐकू येणं शक्यच नसायचं, म्हणून ती दुसऱ्याचे ओठ वाचायची आणि हातांनी खुणा करायची. चाचा तर कारखान्याच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाला कोण कुणाला काय शिवी देतोय ते सांगायचे. तेव्हा चाचांना आणून टीव्हीसमोर बसवायचं आणि कांडी काय बोलतो ते वाचून घ्यायचं. पाळी संपवून आलेल्या चाचांना आम्ही दोघींनी ओढत आणलं. केसांत, भुवयांत रुई. आईने त्यांना चहा दिला. ते पडद्यासमोर उकिडवे बसले, डोळे बारीक केले, बराच वेळ बघत राहिले.

"ये बोल कहाँ रहा है," शेवटी चाचा म्हणाले. लूममुळे ते ओरडूनच बोलत होते. "ये खाली जबड़ा चला रहा है. खुला, बंद, खुला, बंद. एक लफ़्ज़ नहीं है इसमें."

"अब्बा, ठीक से देखो ना."

"ठीक से ही देख रहा हूँ. मुकादम भी वही कर रहा है." आणि चहा संपवून, आम्हा दोघींची तोंडं बघून, जाताना त्यांनी समजूत घातली, "भूखा होगा बेचारा. भूखे आदमी से बोला नहीं जाता."

आठवड्याचा शेवटचा भाग शुक्रवारचा, म्हणजे तो आम्हाला कधीच दिसला नाही. गुरुवारी कांडी गुहेत असायचा आणि सोमवारी भलत्याच गावात. मधलं सगळं आम्हाला भरून काढावं लागे. त्यातूनच आमचा शुक्रवारचा खेळ सुरू झाला. संध्याकाळी भीमाआत्याच्या ओट्यावर आम्ही दोघी उभ्या राहून न पाहिलेला भाग करून दाखवायचो. भीमाआत्या म्हणजे आमची घरमालकीण. चाळही तिची, कारखान्याची जागाही तिचीच. खाडीकडच्या शेतकरी घरातली, मोठं कुंकू, नाकात नथनी, कंबर कायम कसलेली. शुक्रवारी ती सुकट निवडत बसायची. सगळ्या गल्लीला खटखटीत ओरडून बोलायची सवय, त्यामुळे शुक्रवारच्या शांततेतही माणसं एकमेकांवर ओरडत असायची. पुण्याहून आलेल्या माझ्या मामाला वाटलं होतं, चाळीत भांडण लागलं आहे.

रुबीना कांडी व्हायची. मी मुकादम, बाबांचा कोट घालून. डबा भीमाआत्याच्याच घरचा. आमचा भाग कितीही रंगला, कांडी लांडग्यांतून सुटला, बर्फात गाडला गेला, तरी शेवटी भीमाआत्याचा प्रश्न एकच असायचा.

"ता सगला ऱ्हाऊ दे, बाय. डबा पोचला का न्हाय?"

"नाही आत्या. अजून वाटेत आहे."

"कवरा येल लावतंय त्यो पोऱ्या. बापूस उपाशी बसला आसंल त्याचा." आणि ती खरोखर चिडायची. सुकटीचं सूप आपटायची.

मग एका दिवाळीनंतर सहा वाजता नवीन कार्टून सुरू झालं. तेही जपानचंच, पण नवं. झगझगीत रंग, डोळे चमकणारे, मारामारी अशी वेगवान की डोळ्याला पाणी यायचं. गल्लीत सरळ दोन पक्ष पडले. एवढी वादावादी तिथे नगरपालिकेच्या निवडणुकीलाही होत नसे. मी नव्याच्या बाजूची. मला ते रंग आवडले होते, आणि तिथे निकाल लवकर लागायचा. कांडी महिनोन्‌महिने चालतच होता. रुबीना जुन्याची.

"नये में सबका मुँह खुलाच रहता है," ती म्हणायची. "सब चिल्ला रहे हैं. कांडी चुप बैठता है तो भी समझता है उसको क्या हो रहा है."

"तुला काय समजतं? आवाज तर दोन्हींचा येत नाही."

"इसीलिए तो बोल रही हूँ. आवाज नहीं है, तभी पता चलता है ना कौन सच्चा है."

आज मी यावर पुष्कळ वाचलं आहे. जुनी हातानं रंगवलेली चित्रं बरी की संगणकावरची नवी, यावर जगभरची माणसं तावातावाने लिहितात. रुबीनाच्या या वाक्याएवढं नेमकं मला अजून कुठे सापडलेलं नाही. पण तेव्हा मी तिला वेड्यात काढलं. मग तिने मला जे दाखवलं, ते विणकराची पोरच बघू शकते. तिने मला टीव्हीच्या काचेजवळ नेलं आणि कांडीच्या शालीवर बोट ठेवलं. शालीला तीन निळे पट्टे होते. कांडी वळला, नदीत उतरला, आणि शालीला चार पट्टे झाले. बाहेर आला, परत तीन.

"देखा? डिझाइन में गलती," ती आनंदाने म्हणाली. "अब्बा के ताके में आए तो सेठ माल वापस कर दे. नयेवाले में देख, कभी नहीं चूकता. मशीन का माल है वो. ये किसी ने बैठके हाथ से किया है. थक गया होगा, तो एक पट्टा ज़ियादा पड़ गया."

मला तेव्हा हे पटलं नाही. चूक आहे म्हणून आवडतं, हे कसलं मत? पण त्या दिवसापासून मीही पट्टे मोजू लागले, आणि चौथा पट्टा दिसला की आम्ही दोघी टाळ्या पिटायचो. ही कांडी तिने मला तेव्हाच दिली. निळं सूत त्यासाठीच.

त्या थंडीत रुबीनाला खोकला लागला. आधी कुणी मनावर घेतलं नाही, कारण खोकला आमच्या गल्लीत सगळ्यांनाच असायचा, रुई नाकातोंडात जायची. मग ताप येऊ लागला. ती यायची, पण केस न विंचरता. आई तिला हळद घालून दूध द्यायची आणि ती कपाचे काठ धरून नुसती बसून राहायची. कांडी बघताना मात्र तशीच पुढे सरकून.

अशात पडद्याखाली पट्टी फिरायला लागली, की शुक्रवारी शेवटचा भाग. आम्ही हबकलोच. गुरुवारी कांडी एका दोरीच्या पुलावर आला. खाली नुसतं धुकं. मागून मुकादम हात वर करून धावत येत होता, जबडा खुला, बंद, खुला, बंद. कांडीने मागे पाहिलं आणि तो अजून जोरात पळाला. पूल मधोमध तुटला. शाल एकदा फडफडली, कांडी डब्यासकट धुक्यात गेला, आणि पुढचं शुक्रवारी.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे लाइट नव्हती. संध्याकाळी ओट्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं जमली होती. चाचाही आले होते, आंघोळ करून, अत्तर लावून. शेवटचा भाग आम्हालाच करायचा होता. आणि आमचं जमेना. मी म्हटलं, कांडी मेला. एवढ्या उंचावरून पडल्यावर कोण वाचतं? मला तो शेवट फार भारी वाटत होता, सगळ्यांना रडवणारा. रुबीना कोट धरून मला थांबवत होती.

"गिरते देखा तूने," ती म्हणाली, "मरते देखा क्या?"

"मग कुठे गेला?"

"वो मेरे को नहीं मालूम. पर है वो."

"असं नसतं गं. शेवटचा भाग आहे. काहीतरी एक व्हायला पाहिजे."

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना. चाचांनी तिला उचललं आणि घरात नेलं. ओट्यावर मी एकटी, बाबांचा कोट घालून. एकेक जण उठून गेला. भीमाआत्या तेवढी बसून राहिली.

"बाय, तुमचा भांडान तुमी मिटवा. मना त्यो डबा पोचला का न्हाय, तवराच सांग."

मी बाबांचा कोट काढला आणि घरी आले. तो एकच शुक्रवार असा गेला, की भाग झालाच नाही.

त्यानंतर होळीच्या आधी चाचा रुबीनाला घेऊन गावाला गेले. मुलुख लांबचा, दोन दिवसांच्या रेल्वेचा. तिथली हवा चांगली आहे असं सगळे म्हणत होते. रिक्षात ती तिच्या अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून होती, गरमीतही शाल गुंडाळलेली. लूम चालूच होते, त्यामुळे बोलून उपयोग नव्हता. तिने शालीतून हात बाहेर काढला आणि अंगठा नि पहिलं बोट एकमेकांवर फिरवून दाखवलं. ही लूमवाल्यांची खूण. धागा तुटला होता, गाठ मारली, चालू कर. रिक्षा वळली तरी मी तशीच खूण करत उभी होते.

ती माणसं परत आली नाहीत. चाचांच्या जागी दुसरा कारागीर आला, समोरच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड. तेव्हा मोबाइल कुणाकडे होते? कुणी म्हणायचं, पोरगी बरी आहे. कुणी मान हलवायचं. खरं कुणालाच माहीत नव्हतं. आईला विचारलं की ती म्हणायची, "बरी असेल गं," आणि लगेच डबे मागे ढकलायला लागायची.

चैत्रात भीमाआत्या आम्हाला एसटीने वज्रेश्वरीला घेऊन गेली. गरम कुंडातल्या पाण्याला गंधकाचा वास, ओल्या साड्या, नारळ फोडल्याचा आवाज. देवीसमोर हात जोडून मी उभी राहिले. रुबीनाचं नाव घ्यायचा मला धीर होईना. तिच्यासाठी मागितलं, तर तिला काहीतरी झालं आहे हे आपणच मान्य केलं असं होईल, असं मला वाटत होतं. म्हणून मी म्हटलं, देवी, कांडी जिवंत असू दे. एवढंच म्हटलं आणि बाहेर येऊन रडले. आत्याने मला पेढा दिला आणि माझे ओले केस तिच्या पदराने पुसले.

नंतर इंटरनेट कॅफे आले. मी अकरावी-बारावीत असेन. तासाचे पैसे भरून मी शोधायचे. पण शोधायचं काय? खरं नाव माहीत नाही, गाण्याचा एक शब्द माहीत नाही. डबा, डोंगर, मुलगा, मुकादम असं लिहून पाहिलं. समोर आले ते जेवणाच्या डब्यांचे भाव. जगात त्या पोराला कांडी म्हणणारी माणसं दोनच होती, आणि त्यांतली एक आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. कितीतरी वर्षं हा प्रश्न माझ्या आत भिंतीसारखा थरथरत राहिला. कामात असले की कळायचा नाही. शांत बसले की लगेच कळायचा.

भिंतीला टेकून, कांडी मांडीवर ठेवून मी मोबाइल काढला तो सहज, टेम्पो कुठवर आला ते बघायला. जपानी कार्टूनच्या चाहत्यांच्या एका गटात मी आहे. आता सगळंच बघते, नवंही. तिथे रोजचं तेच भांडण चालू होतं, जुनं बरं की नवं. कुणीतरी जुन्याच्या बाजूने पुरावा म्हणून एक चित्रफीत टाकली होती. वरच्या छोट्या चित्रात दोरीचा पूल होता.

मी त्यावर बोट ठेवलं. त्या मालिकेचा शेवटचा भाग होता, हिंदीतला, आमचा. लाइट होती, लूम नव्हते. त्याच खोलीत, त्याच भिंतीशी, चित्र आणि आवाज पहिल्यांदाच एकत्र आले.

कांडीचा आवाज अगदीच बारीक निघाला, एखाद्या मुलीचा असावा असा. मला हसू आलं. सुरुवातीला पुलाचा प्रसंग पुन्हा दाखवला होता. मुकादम मुकादम नव्हताच. तो कांडीचा मोठा भाऊ होता आणि जीव तोडून ओरडत होता, "रुक जा, पुल कच्चा है, रुक जा." कांडीला ते दरीतल्या वाऱ्यात ऐकू आलं नव्हतं. आम्हाला लूममध्ये आलं नव्हतं. आणि डब्यात जेवण नव्हतं, घंटा होती. डोंगरमाथ्यावरच्या देवळात बांधायची.

पूल तुटल्यावर तो भाऊ दिवसभर शोधत राहतो. मग धुकं येतं आणि पडदा पूर्ण पांढरा होतो. भाऊ दिसत नाही, दरी दिसत नाही, काही म्हणजे काही दिसत नाही. बराच वेळ नुसता पांढरा पडदा. आणि मग खालून कुठूनतरी घंटा वाजते. हळू, मग जोरात. कांडी धुक्यात कुठेतरी बसून घंटा वाजवतो आहे, मी इथे आहे म्हणून सांगतो आहे. तिथेच गोष्ट संपते.

मी तो पांढरा पडदा बघत बसले. म्हणजे त्या शुक्रवारी लाइट असती आणि लूमही चालू असते, तरी आम्हाला काही कळलं नसतं. आम्हाला कोरा पडदा दिसला असता, आणि मी ओट्यावर उभी राहून म्हटलं असतं, बघ, मेला.

खाली लोकांची मतं होती. एकाचं म्हणणं, असा शेवट करायला आज कुणाची छाती नाही. दुसऱ्याचं, कसली छाती, चित्रं काढायचे पैसे संपले असतील म्हणून पांढरा पडदा दाखवला. तिसऱ्याने लिहिलं होतं, नव्यात पाऊस खरा वाटतो, जुन्यांचं कौतुक फक्त म्हातारी माणसं करतात. त्याला दोघांनी शिव्या घातल्या होत्या. मी बोटाने वर सरकवत गेले, आणि मग हिंदीतली चार ओळींची एक नोंद आली. कसलंसं फुलाचं चित्र लावलेलं, नाव आडनाव काही नाही.

"पुराना ही अच्छा है. नदी वाला सीन रोक के देखो, कांडी की शाल में तीन की जगह चार पट्टे हैं. हाथ का माल है, किसी ने थक के बनाया है. और मैंने तो बचपन में बिना आवाज़ के ही बोल दिया था कि गिरा है, मरा नहीं है. मेरी एक सहेली नहीं मानती थी. अब तो मान ले."

मी ते पुन्हा वाचलं. मग मोबाइल छातीशी धरला आणि भिंतीला डोकं टेकवलं. रडू आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. वज्रेश्वरीला जे अडकलं होतं ते आता सुटत होतं. ती आहे. कुठेतरी खोलीत बसून, अनोळखी माणसांशी हट्टाने भांडत, पट्टे मोजत ती आहे. इतकी वर्षं आहे आणि मला माहीत नव्हतं.

खाली मी बरंच काही लिहिलं आणि पुसलं. शेवटी एवढंच ठेवलं, "मान लिया, रुबीना. मुकादम टेमघर में तेरा इंतज़ार कर रहा है. चाचा कैसे हैं?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मी तोंड धुऊन ओट्यावर आले. भीमाआत्या खुर्चीत बसली होती. आता तिची कंबर वाकली आहे, एका कानाने ऐकू येत नाही, आणि चाळ कुणी विकत घेतली तरी ओटा माझाच असं ती सगळ्यांना बजावून सांगते. तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं.

"क झाला गो, बाय? घर सोराचा वायट वाटतंय?"

"नाही आत्या." मी तिच्या चांगल्या कानाशी वाकले. "कांडी जिवंत आहे."

मला वाटलं, तिला काही आठवणार नाही. टेम्पोवाला आमचं कपाट चढवत होता, आई त्याला सांभाळून घे म्हणत होती.

"मंग?" भीमाआत्या म्हणाली. "डबा पोचला का न्हाय?"

"पोचला आत्या," मी म्हटलं. "आत्ताच पोचला."